दिवसभर राबणाऱ्या बाईचं बीपी का वाढतं? आणि भिंतीला टेकून २ मिनिटं बसल्यानं ते कमी कसं होतं?

मोबाईल चाळताना हे रील कधी ना कधी समोर आलंच असेल. एक बाई भिंतीला पाठ लावून बसलेली आहे. बसलेली म्हणजे खाली खुर्ची नाही, पण पाय असे वाकवलेत की जणू खुर्चीतच बसली आहे. कोपऱ्यात घड्याळ पळतंय आणि वर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'रोज फक्त ८ मिनिटं करा आणि बीपीची गोळी कायमची बंद करा'.

खाली कमेंटमध्ये कुणी हात जोडलेत, कुणी आईला टॅग केलंय, तर कुणी हे सगळं थोतांड असल्याचं सांगून मोकळं झालंय.

यातला निम्मा दावा खरा आहे. भिंतीला टेकून बसण्याच्या या प्रकारानं रक्तदाब कमी होतो, याला चांगला शास्त्रीय आधार आहे. पण उरलेला निम्मा दावा, म्हणजे गोळी बंद करण्याचा, थेट जिवावर बेतू शकतो.

आणि या दोन्हींच्या मध्ये एक तिसरा प्रश्न आहे, जो रील बनवणाऱ्यांना सहसा पडत नाही.

वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात केनवड नावाचं गाव आहे. आजूबाजूचा सगळा पट्टा सोयाबीन आणि तुरीचा. इथल्या बाईचा दिवस पाणी भरण्यापासून सुरू होतो, मग चूल किंवा गॅस, मग वावर. पावसाळ्यात निंदण, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी, पुढे तूर आणि हरभरा. अशा बाईला कुणी व्यायाम कर म्हणून सांगितलं, तर वऱ्हाडात ठरलेलं उत्तर मिळतं, "आमी दिवसभर वावरात राबतो, आमाले कायले पायजे व्यायाम?"

प्रश्न बरोबरच आहे. डोक्यावर गुंड, हातात विळा, कंबर वाकलेली. स्नायू दिवसभर ताणलेलेच. मग जो ताण भिंतीला टेकून बसल्यावर बीपी कमी करतो, तोच ताण वावरात का उपयोगी पडत नाही?

हेच नीट समजून घेऊ.

आधी हे आयसोमेट्रिक प्रकरण काय आहे?

स्नायू दोन प्रकारे काम करतात. पहिल्या प्रकारात हालचाल होते. विहिरीतून बादली ओढताना हात पुढे-मागे होतो, स्नायू आखडतो आणि सैल होतो. चालणं, पळणं, जोर-बैठका हे सगळं यात येतं.

दुसऱ्या प्रकारात स्नायू ताणलेला असतो, पण सांधा हलत नाही. भरलेली बादली हातात धरून नुसतं उभं राहायचं. बंद दार दोन्ही हातांनी ढकलत राहायचं. ताकद लागते, घाम फुटतो, पाय थरथरतात, पण बघणाऱ्याला काहीच हलताना दिसत नाही. यालाच आयसोमेट्रिक व्यायाम म्हणतात. भिंतीला टेकून बसणं, ज्याला इंग्रजीत वॉल सिट म्हणतात, हा त्यातलाच एक प्रकार. हातात स्प्रिंगचं ग्रिपर दाबून धरणं हा दुसरा, आणि कोपरांवर अंग तोलून धरायचं प्लँक हा तिसरा.

नाव परदेशी असलं तरी गोष्ट आपल्याला नवी नाही. उत्कटासन म्हणजे भिंतीशिवायचं वॉल सिटच. वीरभद्रासनात पाय रोवून उभं राहणं किंवा मल्लखांबावर एखादी पकड धरून ठेवणं, हाही स्थिर ताणच.

आसनांचा रक्तदाबावर काय परिणाम होतो, हे मोजून बघायचा विचारही महाराष्ट्रात फार लवकर झाला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. आसनं करताना रक्तदाबात काय फरक पडतो, याच्या तिथल्या प्रयोगांची माहिती १९२० च्या दशकातच त्यात छापून आली. १९२७ च्या मार्चमध्ये गांधीजी निपाणी-कोल्हापूर भागात दौऱ्यावर असताना वाढलेल्या रक्तदाबामुळे आजारी पडले, तेव्हा त्यांनीही आसनांबद्दल कुवलयानंदांशी पत्रव्यवहार केला होता.

म्हणजे प्रश्न १०० वर्षं जुना आहे. उत्तर मात्र गेल्या ३०-४० वर्षांत जास्त स्पष्ट झालं.

ताण धरला की शरीरात काय होतं?

पहिली गोष्ट, बीपी वाढतं. हो, आधी वाढतंच.

स्नायू आवळून धरला की त्याच्या आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. रक्त कमी पोचतं, पण स्नायूचं काम चालूच असतं. त्यामुळे आत टाकाऊ पदार्थ साचायला लागतात. स्नायूतल्या बारीक नसा ही खबर मेंदूला देतात. मेंदू लगेच हृदयाला वेग वाढवायला सांगतो आणि बाकीच्या शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळतो. हेतू एवढाच की दाब वाढवून दबलेल्या स्नायूपर्यंत रक्त पोचवावं.

हे पहिल्यांदा नीट दाखवलं ते आलम आणि स्मर्क या दोन संशोधकांनी, १९३७ साली. त्यांची युक्ती साधी होती. माणसाला व्यायाम करायला लावायचा आणि व्यायाम थांबायच्या वेळी त्या हाताभोवती किंवा पायाभोवती पट्टा आवळून रक्तप्रवाह रोखायचा. व्यायाम थांबला, तरी बीपी खाली आलं नाही. साचलेले पदार्थ स्नायूतच अडकले होते आणि तिथून मेंदूला निरोप जातच होता. पट्टा सोडला, रक्त वाहिलं आणि बीपी उतरलं.

म्हणजे स्नायू आणि हृदय यांच्यात एक थेट लाईन आहे. हालचाल फार नसली तरी ताणाची खबर हृदयापर्यंत पोचतेच.

यात श्वास रोखला तर प्रकरण हाताबाहेर जातं. १९८५ साली कॅनडातल्या एका अभ्यासात पायांनी प्रचंड वजन ढकलणाऱ्या बॉडीबिल्डरांच्या धमनीत सुई घालून बीपी मोजलं गेलं. सरासरी आकडा ३२०/२५० पर्यंत गेला होता. एकाचा तर ४८०/३५०. वजन अवाढव्य होतंच, पण श्वास कोंडून जोर लावणं हेही त्यामागचं मोठं कारण होतं.

हा आकडा घाबरवण्यासाठी दिलेला नाही. श्वास चालू ठेवून, आवाक्यातल्या ताकदीनं केलेल्या आयसोमेट्रिक व्यायामात बीपी इतकं वर जात नाही. पण दम कोंडणं इतकं धोक्याचं का असतं, ते यावरून कळतं.

मग बीपी वाढवणारी गोष्ट बीपी कमी कशी करते?

खरी गंमत ताण सोडल्यावर आहे.

कालव्याचं दार थोडा वेळ बंद ठेवून एकदम उघडलं तर पाणी कसं धावतं? २ मिनिटं आवळलेला स्नायू सैल केला की त्यात तसंच रक्त धावतं. या वेगवान रक्ताची धार रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला घासत जाते. ते अस्तर मग नायट्रिक ऑक्साईड नावाचा पदार्थ सोडतं, आणि त्यामुळे रक्तवाहिनी सैल पडते, रुंद होते.

एकदा केलं तर परिणाम तात्पुरता. पण आठवड्यातून ३ दिवस, ८ ते १० आठवडे हे होत राहिलं, तर रक्तवाहिन्यांना सैल पडायची सवय लागते. दुसरीकडे, शरीराला सतत 'सावधान' अवस्थेत ठेवणारी जी मज्जासंस्था आहे, तिचा जोरही काही जणांत कमी होताना दिसतो. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांमध्ये दाब ओळखणारे नैसर्गिक सेन्सर असतात. दाब वाढला की ते मेंदूला ब्रेक लावायला सांगतात. त्यांचं कामही सुधारत असावं, असं काही अभ्यासांत दिसलंय. यातल्या कशाचा वाटा किती, यावर संशोधकांचं अजून एकमत झालेलं नाही.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. फायदा नुसत्या ताणात नाही. तो 'ताण, मग सुटका' या जोडीत आहे. पुढे वावरातल्या कामाकडे वळताना हीच गोष्ट उपयोगी पडणार आहे.

आकडे काय सांगतात?

जुलै २०२३ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये एक मोठं विश्लेषण आलं. १९९० पासूनच्या २७० चाचण्या आणि त्यातले १५,८२७ लोक एकत्र करून बघितलं गेलं की कोणत्या व्यायामानं बीपी किती उतरतं. वरचा आकडा, म्हणजे सिस्टोलिक, सरासरी असा उतरला:

– चालणं, पळणं, सायकल: साधारण ४.५
– वजनं उचलणं: साधारण ४.६
– वेगवान इंटरव्हल व्यायाम: साधारण ४.१
– चालणं-पळणं आणि वजनं, दोन्ही मिळून: साधारण ६
– आयसोमेट्रिक: साधारण ८.२

आयसोमेट्रिक प्रकारांतही भिंतीला टेकून बसणं सगळ्यात पुढे होतं, घट साधारण १० अंकांची. रील बनवणाऱ्यांना हा मसाला इथूनच मिळाला.

८ अंक कमी झाल्यानं असा काय फरक पडतो, असं वाटू शकतं. २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ४८ चाचण्यांतल्या ३ लाख ४४ हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र छापून आली. त्यात औषधांनी सिस्टोलिक फक्त ५ अंकांनी उतरलं, तरी हार्ट अटॅक, पक्षाघात अशा मोठ्या घटनांचा धोका साधारण १० टक्क्यांनी कमी झालेला दिसला. म्हणजे छोटा वाटणारा आकडा छोटा नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. त्या २७० चाचण्यांपैकी आयसोमेट्रिकवरच्या फार थोड्या होत्या, चालण्या-पळण्यावरच्या कितीतरी जास्त. शिवाय सगळ्यांचे निकाल एका सुरातले नाहीत. जर्मन संशोधकांनी २०१७ साली छापलेल्या एका चाचणीत हायपरटेन्शनच्या रुग्णांकडून १२ आठवडे हाताची पकड दाबण्याचा व्यायाम करून घेतला, पण त्यांचं बीपी उतरलं नाही. चालण्यासारखा व्यायाम करणाऱ्यांचं मात्र उतरलं. त्याच वर्षीच्या अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आयसोमेट्रिकचा समावेश आहे, पण अपेक्षा ५ अंकांच्या आसपासची धरली आहे.

थोडक्यात, उपयोग होतो. जादू होत नाही.

बायकांचं शरीर वेगळं वागतं का?

हो, आणि वय बदललं की त्यांचं स्वतःचंही शरीर वेगळं वागायला लागतं.

तरुण बाई आणि तरुण पुरुष यांना आपापल्या ताकदीच्या ३० टक्के जोरानं पकड दाबून धरायला सांगितली, तर साधारणपणे बाईचं बीपी कमी वाढतं. तिच्या नसांमधून जाणारा 'रक्तवाहिन्या आवळा' हा संदेशही सौम्य असतो. आणि अनेकदा ती ती पकड पुरुषापेक्षा जास्त वेळ धरून ठेवते. एक कारण असं की स्नायू आकारानं लहान असल्यानं आतल्या रक्तवाहिन्या तितक्या दाबल्या जात नाहीत.

दुसरं कारण इस्ट्रोजेन. पाळी चालू असण्याच्या वयात हे संप्रेरक रक्तवाहिन्यांना सैल राहायला मदत करतं. मेंदूनं आवळायचा आदेश दिला, तरी तरुण बाईच्या रक्तवाहिन्यांमध्ये त्याच वेळी सैल पडण्याचीही यंत्रणा चालू असते. एक पाय ॲक्सिलरेटरवर, एक ब्रेकवर. त्यामुळे विशी-तिशीत बायकांचं बीपी पुरुषांपेक्षा सहसा कमी असतं.

पाळी जाते तेव्हा हा ब्रेक सैल होतो. भारतात बहुतेक बायकांची पाळी चाळिशीच्या उत्तरार्धात जाते. त्यानंतर रक्तवाहिन्या कडक व्हायला लागतात, तेवढ्याच ताणाला बीपी जास्त उसळी घेतं, आणि जे अंतर तरुणपणी होतं ते भरून निघतं. साठीनंतर बायका या बाबतीत पुरुषांना गाठतात, पुष्कळदा मागेही टाकतात. शस्त्रक्रिया करून लवकर अंडाशय काढलेल्या बाईच्या शरीरात हा बदल आणखी आधी येतो.

म्हणून चाळिशीपर्यंत 'माझं बीपी तर नेहमी लो असतं' म्हणणारी काकू पन्नाशीत अचानक १५०/९५ दाखवते आणि घरात कुणालाच विश्वास बसत नाही.

गरोदरपणात ज्यांचं बीपी वाढलं होतं, त्यांनी तर जास्तच सावध राहायला हवं. बाळंत झाल्यावर बीपी नॉर्मल झालं की विषय संपला, असं समजलं जातं. पण अशा बायकांना पुढच्या आयुष्यात हायपरटेन्शन आणि हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

आयसोमेट्रिक व्यायामाचा बायकांवर परिणाम होतो का, हेही वेगळं तपासलं गेलंय. २०१३ साली छापलेल्या एका अभ्यासात नॉर्मल बीपी असलेल्या बायकांकडून ८ आठवडे हाताची पकड दाबण्याचा व्यायाम करून घेतला. काही जणींनी आठवड्यातून ३ दिवस केला, काहींनी ५ दिवस. शेवटी दोन्ही गटांचं बीपी जवळपास सारखंच उतरलं होतं. म्हणजे रोज घाम गाळायची सक्ती नाही, ३ दिवसही पुरतात.

मग वावरातली मेहनत व्यायाम का नाही?

आता मूळ प्रश्नाकडे. पाच बाबी बघू.

पहिली, सुटका नाही. व्यायामात २ मिनिटं ताण आणि मग १ ते ४ मिनिटं पूर्ण आराम असतो. निंदताना किंवा सोंगताना कंबर, मान आणि खांदे तासन् तास थोड्या थोड्या ताणात राहतात. रक्ताची ती जोरदार धार वाहायला मोकळीक मिळतच नाही. उलट नाडी आणि बीपी दिवसाचा मोठा भाग किंचित चढलेलं राहतं.

दुसरी, जोर चुकीच्या मापाचा. वाकून केलेल्या कामात ताण इतका कमी असतो की हृदयाची क्षमता वाढत नाही, आणि इतका लांब चालतो की थकवा साचतो. मधूनच ५० किलोचं पोतं उचलायची वेळ येते. तेव्हा जोर एकदम जास्त लागतो आणि श्वास हमखास रोखला जातो.

तिसरी, उकिडवं बसणं म्हणजे वॉल सिट नाही. चुलीपुढे किंवा धुणं धुताना पूर्ण खाली बसलं की मांड्या पोटऱ्यांवर टेकतात आणि मांडीचे स्नायू बऱ्यापैकी सैल पडतात. भिंतीच्या व्यायामात बैठक अर्ध्यावर थांबते. शरीराचा सगळा भार मांड्यांवर येतो, म्हणूनच १ मिनिटात पाय कापायला लागतात.

चौथी, भरपाई नाही. व्यायाम करणारी व्यक्ती नंतर बसते, पाणी पिते, झोपते. वावरातून आलेली बाई भाकरी थापायला बसते. कडक ऊन, कमी पाणी, अपुरी झोप यांचा भार वेगळाच.

आणि पाचवी, मर्जी. कधी थांबायचं हे व्यायामात आपण ठरवतो. मजुरीच्या कामात ते दुसरं कुणीतरी ठरवतं.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी या विसंगतीला नावच दिलंय, शारीरिक हालचालीचा विरोधाभास. फावल्या वेळात केलेली हालचाल हृदयाला फायद्याची ठरते, पण कामावरची जड मेहनत तोच फायदा देताना दिसत नाही, कधी कधी उलटा परिणामही दिसतो.

याचा अर्थ वावरातलं काम वाईट आणि बसून राहणं चांगलं, असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की 'राबते म्हणून बीपी होणार नाही' हा हिशोब चुकीचा आहे. आणि या चुकीच्या हिशोबामुळेच कितीतरी बायका बीपी मोजायला जात नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ वर्षांवरच्या २१.३ टक्के बायकांचं बीपी वाढलेलं आढळलं किंवा त्या बीपीची गोळी घेत होत्या. म्हणजे दर ५ जणींमागे एक. आणि वाढलेलं बीपी बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही, कळत नाही.

करायचं असेल तर कसं करायचं?

आधी बीपी मोजायचं, मग भिंत. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची बीपी आणि शुगरची तपासणी सरकारी कार्यक्रमातून मोफत होते. गावातल्या आशाताई किंवा उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी याची माहिती देतात. मोजण्याआधी ५ मिनिटं शांत बसायचं, चहा आणि तंबाखू अर्धा तास आधीच बंद, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. एकाच आकड्यावर न थांबता दोनदा मोजायचं.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की:

भिंतीला पाठ लावा आणि पाय भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, खांद्याइतके रुंद ठेवा. पाठ घासत हळूहळू खाली या. सुरुवातीला थोडंच खाली यायचं, अगदी खुर्चीच्या उंचीपर्यंत जायची गरज नाही. जितकं खाली, तितका जोर जास्त. साडी असेल तर पाय घसरणार नाहीत आणि पदर पायात येणार नाही याची काळजी घ्या, अनवाणी पायानं करा. ओल्या फरशीवर नको.

ध्येय २ मिनिटं धरून ठेवायचं, मग २ मिनिटं आराम. असं ४ वेळा. आरामासकट सगळं मिळून १४ मिनिटं. आठवड्यातून ३ दिवस. पहिल्या आठवड्यात २०-३० सेकंद जमलं तरी पुष्कळ झालं. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं.

गुडघे दुखत असतील तर हाताचा पर्याय आहे. ग्रिपर नसेल तर टॉवेलची घट्ट गुंडाळी करा आणि दाबून धरा. पूर्ण ताकदीनं नाही, साधारण तिसऱ्या हिश्श्यानं. २ मिनिटं दाब, १ मिनिट आराम, असं एकूण ४ वेळा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, श्वास. करताना शेजारच्या माणसाशी बोलता आलं पाहिजे. मोठ्यानं आकडे मोजले तरी चालतं. बोलता येत नसेल तर दम कोंडला आहे किंवा जोर जास्त झाला आहे, असं समजा आणि वर या.

परिणाम दिसायला ८ ते १० आठवडे लागतात. सोडून दिलं की फायदाही काही आठवड्यांत ओसरतो.

कुणी थांबायचं?

बीपी १८०/११० किंवा त्याच्या पुढे असेल तर व्यायाम नाही, आधी दवाखाना. हृदयाचा आजार, आधी झालेला पक्षाघात, डोळ्यांच्या पडद्याचा मधुमेही त्रास, हर्निया किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. गरोदर बायकांनीही स्वतःहून हा प्रयोग करायचा नाही. करताना छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, डोकं एकदम ठणकलं किंवा एका बाजूचा हात-पाय जड वाटला, तर तिथंच थांबायचं आणि लगेच १०८ ला फोन करायचा.

आणि गोळीचं काय?

गोळी बंद करायची नाही.

व्यायामानं ५ ते ८ अंक उतरू शकतात. एखाद्या मावशीचं बीपी १६५ असेल, तर व्यायाम करूनही ते १५७ च्या आसपासच राहील, आणि हा आकडाही धोक्याच्या बाजूचाच आहे. १४० च्या काठावर असलेल्या बाईसाठी मात्र तेवढेच ८ अंक फार मोलाचे ठरतात. गोळी घेत असताना व्यायाम सुरू केला आणि २-३ महिन्यांत आकडे सतत खाली यायला लागले, तर डोस कमी करायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील. रील नाही.

गोळीच्या जोडीला बाकीच्या गोष्टीही आहेतच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचा. लोणचं, पापड, ठेचा आणि वरून घेतलेलं मीठ, सगळं त्यातच धरायचं. तंबाखू आणि मिश्री बंद. आणि जमेल तेवढं मोकळं चालणं, डोक्यावर ओझं नसताना.

या सगळ्यात भिंतीचा व्यायाम इतका आकर्षक का वाटतो, हेही समजण्यासारखं आहे. जिम लागत नाही, पैसे लागत नाहीत, ट्रॅकसूट लागत नाही. पहाटे रस्त्यावर एकटीनं चालायला जाणं जिथं बाईला अवघड वाटतं, लोक काय म्हणतील याचा विचार करावा लागतो, तिथं घराची भिंत कुणालाही न विचारता वापरता येते.

लागतात ती फक्त आठवड्यातली ३ वेळची १४ मिनिटं. पण ती तिची स्वतःची असली पाहिजेत. त्या वेळात भाकरी थापायला, पाणी भरायला घरातलं दुसरं कुणीतरी असलं पाहिजे. म्हणून पुढच्या वेळी हे रील दिसलं आणि आईला किंवा आत्याला टॅग करायची इच्छा झाली, तर टॅग करण्याआधी दोन कामं करा. तिला बीपी मोजायला घेऊन जा. आणि ती १४ मिनिटं घरातलं तिचं काम आपल्याकडे घ्या.